केंब्रिजचे सर्पतज्ज्ञ श्री. खांबेटे

आवृत्ती ०.१

विनय खांबेटेच्या घराण्यात कुणी कधी सापाला हात लावला नव्हता. आजोबा वाईला शाळामास्तर. भिंतीवर पाल दिसली की ते धोतर सावरत अंगणात जायचे आणि आतून आजी "गेली हो" म्हणेपर्यंत तुळशीपाशी उभे राहायचे. वडील विमा कंपनीत हेडक्लार्क. खुद्द विनयनं आयुष्यात एकच साप पाहिला होता, तोही कर्वेनगरच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. सर्पमित्र आला, त्यानं कुणाच्या तरी स्कूटरखालून काहीतरी लांब ओढून पिशवीत टाकलं, आणि सगळ्या बिल्डिंगनं टाळ्या वाजवल्या. ती धामण होती असं नंतर कळलं. तळमजल्यावरच्या जोशींच्या मते तो बागेचा पाइप होता.

एवढ्या भांडवलावर विनय केंब्रिजमध्ये सर्पतज्ज्ञ झाला.

त्याची कंपनी नऊ माणसांची. अमेरिकेच्या वाळवंटात भटकायला जाणाऱ्यांसाठी ते पायाला बांधायची एक पट्टी तयार करत होते. तिथे रॅटलस्नेक असतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला खुळखुळा असतो, आणि कुणी फार जवळ आलं की तो वाजवतो. माणसं कानात गाणी घालून चालतात, त्यांना ते ऐकू येत नाही. तर पट्टीनं ऐकायचं आणि पोटरीवर थरथरायचं. नाव अँकलवाइज. मालक जाइल्स. जाइल्स तत्त्वज्ञान शिकला होता, आणि याआधी त्यानं कुत्र्यांसाठी ध्यानधारणेचं ॲप काढून बुडवलं होतं. विनयचं काम पट्टीला आवाज ओळखायला शिकवण्याचं.

सप्टेंबरातल्या एका मीटिंगमध्ये जाइल्स म्हणाला, "विनय, तू तर इंडियातला. साप पाहिले असशीलच."

"एकदा," विनय म्हणाला. "म्हणजे आमच्या घराच्या खाली..."

"घराच्या खाली!" जाइल्स बाकीच्यांकडे वळला. "ऐकलंत? याच्या घराखाली साप राहायचे."

पार्किंगमध्ये, असं विनयला म्हणायचं होतं. पण त्याच दिवशी त्याच्या व्हिसाच्या मुदतवाढीचं पत्र जाइल्सच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. या देशात पाच वर्षं कामाच्या व्हिसावर नीट काढली की कायम राहायचा परवाना मिळतो. विनयची चार झाली होती, एक राहिलं होतं. मधेच नोकरी गेली तर साठ दिवस, त्यात दुसरी शोधा, नाहीतर बायको, मुलगी आणि कुकर घेऊन पुण्याला परत चला. माणसाच्या घराखाली साप राहत असतील तर राहोत बापडे.

जाइल्सनं सही केली. आठवडाभरात वेबसाइटवर विनयचा फोटो आला. खाली ओळ: 'तीन पिढ्यांचं सर्पज्ञान.'


आवृत्ती ०.२

पट्टीला शिकवायला खुळखुळ्याचे निदान हजार आवाज हवे होते. कंपनीकडे होते सव्वीस. त्यातल्या चारांत मागे कुत्रं भुंकत होतं आणि एकात बाई किंचाळत होती. किंचाळी पट्टीनं लगेच उचलली, खुळखुळा नाही.

विनय एक पट्टी घरी घेऊन आला. ती ओट्यावर ठेवून तो सॉक्स काढत होता, तेवढ्यात ती थरथरत थरथरत मिठाच्या डब्याला जाऊन धडकली.

"ही काय मेली नाचतेय?" त्याची बायको मंजिरी म्हणाली.

"तिला साप सापडला."

"कुठे?"

"तुझ्या कढईत."

कढईत मोहरी तडतडत होती. विनयनं गॅस बंद केला. पट्टी थांबली. परत लावला, तेल तापू दिलं, चिमूटभर मोहरी टाकली. पट्टी नाचली. त्या रात्री वरणाला तीनदा फोडणी बसली आणि विनयच्या करिअरला एकदा.

दुसऱ्या दिवशी 'केंब्रिज मराठी परिवार' या ग्रुपवर:

विनय: नमस्कार मंडळी. एका कामासाठी फोडणीचे आवाज हवेत. फक्त मोहरी तडतडण्याचे पहिले दहा सेकंद. फोन कढईपासून एक फूट. कृपया मधे बोलू नये.

उल्काताई: तेल किती?

शशीकाका: कशासाठी?

विनय: संशोधन आहे काका.

शशीकाका: न्यूटनच्या गावात येऊन फोडणीवर संशोधन. छान. चालू द्या.

ऋजुता: मी एअर फ्रायरमध्ये करते. चालेल?

उल्काताई: त्याला फोडणी म्हणत नाहीत.

ऋजुता: तुम्हाला विचारलं नव्हतं ताई 🙏

आशाताई: पण मोहरी आधी की जिरं आधी?

(पुढचे एकशे बारा संदेश जिऱ्याबद्दल. दोन कुटुंबांनी ग्रुप सोडला. एक संक्रांतीला परत आलं.)

फोडण्या मात्र आल्या. एकूण तीनशे चाळीस. शशीकाकांनी तर कांदेपोहे, आमटी आणि कोशिंबीर अशा तीन वेगळ्या फायली नावं घालून पाठवल्या. विनयनं त्या कापल्या, ताणल्या, त्यांचा वेग बदलला, मागे वाऱ्याचा आवाज घातला, आणि फोल्डरला नाव दिलं: 'रॅटलस्नेक, कृत्रिम'. एका फायलीत शेवटी अगदी हळू "हिंग राहिला" असं ऐकू येत होतं. ते त्यानं तसंच राहू दिलं.

मंजिरी त्याच्या मागे उभी राहून हे पाहत होती. ती इथल्या एका नर्सरीत तीन-तीन वर्षांच्या पोरांना सांभाळायची, त्यामुळे कुणी काहीतरी दडवतंय हे तिला पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरूनही कळायचं.

"विनय, हे लोकांच्या पायाला बांधणार ना तुम्ही?"

"अगं, अजून प्रोटोटाइप आहे."

"पायही प्रोटोटाइप असतात का?"

"मंजू, एक वर्ष. फक्त परवाना हातात येऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी जाइल्ससमोर बसतो आणि सगळं सांगतो. फोडणी, आजोबा, सगळं."

"ज्या दिवशी येईल त्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आपल्या अन्वीची शपथ नको घालायला, पण मी लक्षात ठेवणारे," मंजिरी म्हणाली.


आवृत्ती ०.३

मागे घेतली. कारण: चाचणी करणारा सहकारी पट्टी बांधून दुपारी एका इंडियन रेस्टॉरंटात जेवायला गेला. पोटरीला मुंग्या येऊन अर्ध्या तासात बाहेर पडला.


आवृत्ती ०.४

एप्रिलमध्ये डॉना आली. तिची ॲरिझोनात भटक्यांच्या सामानाची बावीस दुकानं होती: बूट, तंबू, पाण्याच्या पिशव्या. ती हो म्हणाली तर कंपनी जगणार होती, नाही म्हणाली तर महिनाअखेर जाइल्स सगळ्यांना एकेक करून काचेच्या खोलीत बोलावणार होता. विनयचे पाच महिने उरले होते.

डॉनाला वाळवंटात वापरायची वस्तू वाळवंटातच दाखवली पाहिजे, असं जाइल्सचं म्हणणं. ब्रिटनमध्ये वाळवंट नाही. त्यानं सफोकच्या किनाऱ्याजवळचा एक माळ शोधून काढला. वाळूची पायवाट होती, खुरटी झुडपं होती. मेंढ्या फ्रेमबाहेर ठेवल्या तर फोटोत चालून गेलं असतं.

आधी फॉर्म भरावा लागतो. इथे सहकाऱ्याच्या वाढदिवसाला फुगे लावायचे तरी फॉर्म भरतात.

धोका: पाऊस. शक्यता: खात्रीची. उपाय: छत्र्या (वाळूच्या रंगाच्या).
धोका: ऊन. शक्यता: नगण्य. उपाय: आनंद मानणे.
धोका: मेंढ्या. शक्यता: मध्यम. उपाय: जाइल्स त्यांच्याशी बोलेल.
धोका: साप. शक्यता: शून्य. उपाय: लागू नाही.
फॉर्म भरणार: वि. खांबेटे, सर्पतज्ज्ञ.


आवृत्ती ०.५

बेत साधा होता. विनयनं सकाळी लवकर जाऊन पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपात छोटा स्पीकर लपवायचा. डॉना पट्टी बांधून पायवाटेनं येईल. ती झुडपाजवळ आली की विनयनं खिशातल्या फोनवर बटण दाबायचं. झुडपातून खुळखुळा वाजेल, पट्टी थरथरेल, जाइल्स हात पसरून "बघितलंत!" म्हणेल. वाजणारा खुळखुळा त्या सव्वीस खऱ्या आवाजांपैकी एक, पट्टीला तोंडपाठ झालेला. परीक्षेत घरचाच पेपर यावा तसं.

आणि ऊन पडलं. फॉर्ममधली नगण्य शक्यता सकाळी दहा वाजताच सफोकवर येऊन बसली. वाळू तापली.

डॉना साठीची, बारीक, उन्हानं भाजलेली बाई. तिनं पट्टी पोटरीवर चढवली, दोनदा पाय आपटून पाहिला आणि चालू लागली. जाइल्स तिच्या डाव्या बाजूनं बोलत चालला होता. विनय दोन पावलं मागे, हात खिशात.

"माझ्या नवऱ्याला चावला होता एकदा," डॉना म्हणाली. "आमच्याच मागच्या दारात."

"अरेरे! आणि त्यांना खुळखुळा ऐकू आला नाही," जाइल्स आनंदानं म्हणाला. "नेमकी हीच तर..."

"वाजलाच नाही. अर्ध्या वेळा वाजवतच नाहीत ते. चिडला, घाबरला, तर वाजवतो. नाहीतर गप पडून असतो. त्याला काय पडलंय तुम्हाला कळवायचं?"

जाइल्स हसला. तो विनोद आहे असं त्याला वाटलं. विनय हसला नाही. अख्खे सात महिने, तीनशे चाळीस फोडण्या, आणि ही बाई चालता चालता सांगत होती की साप बहुतेकदा बोलतच नाही. हे कुठल्या तरी पुस्तकात पहिल्याच पानावर असणार. कंपनीतल्या नऊ जणांपैकी कुणी ते पान उघडलं नव्हतं. बाकीच्या आठ जणांनी धरलं होतं की सर्पतज्ज्ञाला माहीत असेल.

तेवढ्यात त्याला ते दिसलं.

झुडपाच्या अलीकडे, वाटेच्या कडेला, उन्हात, बुटाच्या नाडीचं वेटोळं पडावं तसं काहीतरी. राखाडी. पाठीवरून काळी नागमोडी रेघ. इथला एकुलता एक विषारी साप, ॲडर. अन्वीच्या शाळेतल्या तक्त्यावर तो बेजर आणि हेजहॉगच्या मधे छापलेला असतो. हिवाळाभर झोपून तो नुकताच वर आलेला, अंग शेकत पडलेला. शेपटीला ना खुळखुळा ना काही. आणि डॉनाचं तोंड जाइल्सकडे, पुढचं पाऊल सरळ त्याच्या दिशेनं.

पट्टी गप्प होती. ती गप्पच राहणार होती.

माणसानं अशा वेळी काय करायचं हे कुठल्याही फॉर्ममध्ये विचारत नाहीत, इतकं ते सोपं आहे. ओरडायचं. विनयचं तोंड उघडलंही. पण आपण ओरडलो तर साप माणसाला दिसला, पट्टीला नाही, हे त्याच्या डोक्यात तोंडापेक्षा आधी पोचलं. पाच महिने. त्यानं तोंड मिटलं आणि बटण दाबलं.

झुडूप खुळखुळलं. पट्टी थरथरली. डॉना जागच्या जागी थांबली, एक पाय हवेत. पायाखाली ॲडर.

"बघितलंत!" जाइल्स हात पसरून ओरडला. मग त्याला साप दिसला आणि त्याचे हात तसेच पसरलेले राहिले. "अरे देवा. खरा आहे. विनय, खरा आहे! पट्टीनं खरा साप पकडला!"

डॉनानं सावकाश पाय मागे घेतला, मग खाली वाकून नीट पाहिलं.

"याला खुळखुळा नाहीये," ती म्हणाली.

झुडपातून खुळखुळा चालूच होता. विनय खिशातल्या खिशात बटण शोधत होता, ते सापडलं आणि चुकीचं निघालं. आवाज वाढला. पिवळ्या फुलांचं ते झुडूप आता सबंध माळाला ऐकू जाईल असं वाजत होतं. दूरवर एका मेंढीनं मान वर केली. डॉनानं सापाकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं, मग विनयच्या खिशाकडे.

"विनय," जाइल्स कुजबुजला, "कर ना काहीतरी. तुमच्यात करतात ते."

"आमच्यात काय करतात?"

"तूच सांग! तीन पिढ्या!"

ॲडर जागचा हलला नव्हता. विनय गुडघ्यांवर बसला, सापापासून चांगला सहा फूट लांब, पण दिसायला मनोभावे. त्याच्या आजोबांनी इथवरसुद्धा मजल मारली नसती. तो हळू आवाजात मराठीत म्हणाला, "अहो, जा ना. माझा व्हिसा आहे हो."

सापाला जमिनीची धडधड आणि झुडपाचा गोंगाट यांचा कंटाळा आला असावा. तो उलगडला आणि गवतात निघून गेला.

जाइल्सच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कुठली भाषा ही? संस्कृत?"

"मराठी."

"सापांसाठीची?"

विनय काही बोलला नाही. यालाच पुढे कंपनीच्या माहितीपत्रकात 'नम्र मौन' म्हटलं गेलं.

जाइल्स फोनवर सगळ्या ऑफिसला बातमी सांगायला लांब गेला, तेव्हा डॉना विनयजवळ आली. विनय तोवर झुडपात कोपरापर्यंत हात घालून स्पीकर काढत होता. काटे लागून मनगट लाल झालं होतं.

"कधी दिसला तुला?"

"कोण?"

"मुला, मी वाळवंटात राहते. कधी दिसला?"

विनयनं स्पीकर बंद केला. माळावर एकदम शांत झालं. "तुमचा पाय खाली यायच्या आधी."

"मग ओरडला का नाहीस?"

"बटण दाबलं ना."

"ओरडायला बटणापेक्षा कमी वेळ लागतो. माझा पाय होता तो."

"हो," विनय म्हणाला. "ओरडलो असतो तर पट्टीचं काय झालं असतं?"

डॉना त्याच्याकडे पाहत राहिली. विनयला वाटलं आता संपलं. पुढचा आठवडा, काचेची खोली, साठ दिवस. पण ती हसायला लागली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"माझ्या वकिलांना तू फार आवडशील," ती म्हणाली. "हे बघ, ही वस्तू चालते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. लोक वाळवंटात येतात, घाबरलेले असतात, त्यांना पायाला काहीतरी बांधून हवं असतं. ते बांधलं की ते वाटेवर चालतात, पाणी पितात, शहाण्यासारखे घरी जातात. बहुतेक जण."

विनयच्या डोक्यात आलं की आपल्याकडे याला गंडा म्हणतात. तो चार्ज करावा लागत नाही.

"घेते मी. बावीसही दुकानांत," डॉना म्हणाली. "एक अट. खोक्यावर फोटो तुझा पाहिजे. तो उंच माणूस नको, त्याच्यावर सापही विश्वास ठेवणार नाही. तुझा."


आवृत्ती ०.९

विषय: अभिनंदन!!
जाइल्सकडून, सर्वांना. आजपासून विनय आपला 'सर्पवारसा प्रमुख'. केक किचनमध्ये आहे.

विषय: कृपया थांबा
कंपनीच्या वकीलबाईंकडून, फक्त जाइल्स आणि विनयला. श्री. खांबेटे यांचा व्हिसा सॉफ्टवेअरच्या कामावर आहे. नव्या पदाचं काम आम्ही सरकारी यादीत शोधलं. सर्वांत जवळचे दोन प्रकार सापडले: प्राण्यांची देखभाल करणारे आणि करमणूक करणारे. दोन्हींवर हा व्हिसा टिकणार नाही. बढती दिल्यास त्यांना देश सोडावा लागेल.

विषय: विषय: कृपया थांबा
जाइल्सकडून. ठीक. कागदावर इंजिनिअर, खोक्यावर साप. केक तरीही किचनमध्ये आहे.


आवृत्ती १.०

खोकं घरी आलं. वर विनयचा फोटो. त्याच्या डोक्यावर कंपनीच्या डिझायनरनं कॉम्प्युटरवर भगवा फेटा चढवला होता, आणि मागे वाळवंटात सूर्य मावळत होता. नऊ वर्षांच्या अन्वीनं खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, ही कोण माणूस आहे?"

"मीच आहे, पिल्लू."

"नो वे. तुझी फेटा कुठे आहे? तू तर स्पायडरला पण ओरडते."

"ओरडतो," मंजिरी आतून म्हणाली. "बाबा ओरडतो. हल्ली फार कमी ओरडतो."

सफोकला काय झालं ते त्यानं तिला त्याच रात्री सांगितलं होतं. विनयनं ऐकलं नाही असं केलं. त्यानं फोटो पुण्याला पाठवला. वडिलांचं उत्तर आलं: 'हे गारुडी कोण? आणि तुझ्या कंपनीच्या खोक्यावर हे कसे?'


आवृत्ती १.०.१

ग्राहक काय म्हणतात:

★★★★★ तीन दिवस वाळवंटात होतो. एकही साप दिसला नाही. जबरदस्त काम करते.

★★★★★ खोक्यावरच्या गृहस्थांचे डोळे पाहूनच धीर येतो.

★★ बायको सकाळी बेकन तळायला लागली की वाजते. बाकी ठीक.

★★★★★ आईला भेट दिली. आई आता कुठेच जात नाही. खूप शांत वाटतं.


आवृत्ती १.१

सप्टेंबरात, एका मंगळवारी परवाना आला. हल्ली कागद येत नाही, ईमेल येते. पण विनयनं तिची प्रिंट काढली आणि देवासमोर ठेवली. मंजिरीनं श्रीखंड केलं. वाटी पुढे करताना ती म्हणाली, "मग? जाइल्सशी आज बोलणार ना?"

"अगं, आज त्याचा वाढदिवस आहे. उद्या."

उद्या डॉनाची नवी ऑर्डर आली. परवा जाइल्स सुट्टीवर गेला. पुढच्या सोमवारी विनय म्हणाला की अशा गोष्टी सोमवारी सांगायच्या नसतात. मंजिरीनं विचारणं थांबवलं. तिनं विचारावं असं विनयला वाटत नव्हतं, आणि ती विचारत नाही म्हणून त्याला नीट जेवणही जात नव्हतं.

गुरुवारी तो घरून काम करायचा. संध्याकाळी पाचला, म्हणजे ॲरिझोनात सकाळी नऊला, मदतकेंद्राकडून एक फोन त्याच्याकडे वळवला गेला. ग्राहकाला खोक्यावरच्या गृहस्थांशीच बोलायचं होतं. हेडफोन अन्वीनं नेले होते, म्हणून आवाज स्पीकरवर. मंजिरी समोर सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माझं नाव वॉल्टर," फोनमधला म्हातारा म्हणाला. "पोस्टमन होतो. रिटायर्ड. तुम्हीच का ते, फेटेवाले?"

"मी विनय. बोला."

"तक्रार नाही हं करायची. मला चावला. सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, कालच सुटलो. पाय अजून भोपळ्यासारखा आहे, पण आहे. मला फक्त एवढंच सांगा, मी चुकलो कुठे?"

विनयच्या स्क्रीनवर आपोआप प्रश्नांचा एक तक्ता उघडला. अशा फोनसाठी डॉनाच्या वकिलांनी तो करून दिला होता. पण विनयनं तक्त्याकडे न पाहता विचारलं, "काय झालं नेमकं?"

"घरामागेच, कोरड्या ओढ्यात. सकाळी चालायला जातो मी. एका खडकावर टेकलो, पाय लांब करायला. खाली बघितलं तर हा. माझ्या टाचेपासून हातभर. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. गप्प आहे. मग मी पट्टीकडे बघितलं. पट्टी पण गप्प. तर मला वाटलं, पट्टी गप्प आहे म्हणजे हा साप नसणार. काठी असेल. चाळीस वर्षं इथं राहतोय मी, साहेब. साप काय मला ओळखता येत नाही? पण पट्टीपुढे म्हटलं आपलं काय. आणि पाय लांब केला."

मंजिरीच्या हातातला टॉवेल अर्धा घडी होऊन राहिला.

सांगायचं ते अगदी थोडं होतं. वॉल्टर, तुम्ही चुकला नाहीत. साप बहुतेकदा वाजवत नाही. पट्टीला त्यातलं काही कळत नाही, मलाही नाही. ती काढून टाका आणि खाली बघून चाला. दहा सेकंदांचं काम. नोकरी गेली असती, फार तर. साठ दिवसांचा प्रश्न आता उरला नव्हता. परवान्याची प्रिंट देवाजवळ होती. विनयला आता कुणी देशाबाहेर काढू शकत नव्हतं.

त्यानं श्वास घेतला. मंजिरी त्याच्याकडे पाहत होती.

"वॉल्टर," विनय म्हणाला, आणि त्याची नजर स्क्रीनवर गेली. तक्त्यातला पहिला प्रश्न निळ्या अक्षरांत उघडझाप करत होता. "पट्टी घोट्याच्या किती वर बांधली होती?"

"किती वर म्हणजे... तीन बोटं असेल."

"चार हवी."

"चार." वॉल्टरनं लिहून घेतल्याचा आवाज आला. "कुणाची बोटं पण? माझी जाड आहेत."

तक्त्यात ते नव्हतं. विनयनं स्वतःचा पंजा वर धरून पाहिला. "मध्यम माणसाची," तो म्हणाला.

"बघा! म्हणजे माझीच चूक." म्हातारा हसला, त्याचा जीव हलका झाला होता. "बायको म्हणत होती वस्तूच खराब आहे. मी म्हटलं, अगं त्या गृहस्थांचे डोळे बघ. आभारी आहे, साहेब. पाय बरा झाला की परत जातो. चार बोटं."

"चार," विनय म्हणाला. फोन बंद झाला.

मग मंजिरीनं टॉवेलची घडी पुरी केली, ती बाकीच्यांवर ठेवली आणि वरून हात फिरवला.

"परवान्यानंतर नागरिकत्वाला किती लागतं रे?" तिनं विचारलं. "एक वर्षच ना?"

"एक वर्षच," विनय म्हणाला.

ती कपड्यांचा गठ्ठा उचलून वर निघून गेली. तक्त्यातला शेवटचा प्रश्न उत्तराची वाट पाहत थांबला होता: ग्राहकाचं समाधान झालं का? विनयनं 'हो' दाबलं. सबंध फॉर्ममध्ये तेवढं एकच उत्तर खरं होतं.